जुन्या फियाटमध्ये नवं इंजिन: वाचकांचे प्रश्न

पद्मिनी, अँबेसेडरसारख्या गाड्यांत इंजेक्शनचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स बसवण्याबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात. त्यातले काही इथे घेतले आहेत.

माझी फियाट 1971 ची आहे. नवं इंजिन टाकून ‘व्हीए’ (व्हिंटेज गाडीचा) नंबर मिळेल का?

नाही. तो नंबर 50 वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीलाच मिळतो.

गॅरेजवाले म्हणतात, आधी इंजिन बसवू, आरसीचं एजंट बघून घेईल. चालेल?

मुळीच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळायलाच हवा. त्याच प्रकारचं इंजिन बदलायचं तरी आरटीओची परवानगी लागते. पकडले गेलात तर दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. भोगायचं मालकाने, एजंटने नाही. कुर्ल्याच्या भंगारबाजारातून इंजिन उचलण्याआधी आरटीओत लेखी विचारा, विमा कंपनीलाही. पुढची उत्तरं परवानगी हातात आहे किंवा गाडी खासगी जागेतच फिरणार आहे, असं धरून दिली आहेत.

पद्मिनीत मारुती इकोचं 1.2 लिटरचं इंजिन आणि गिअरबॉक्स बसवला. 70 च्या पुढे फ्लोअर थरथरतो. चाकं तीनदा बॅलन्स केली, फाउंडेशनची (इंजिनाखालची) रबरं बदलली. आता मेकॅनिक म्हणतो, जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच.

चालायचं नाही! चाकांवर पैसे घालणंही थांबवा. 80 च्या वेगात तुमचं चाक मिनिटाला साधारण 720 फेरे घेतं. डिफरन्शियलचं (मागच्या ॲक्सलवरच्या गिअरपेटीचं) गुणोत्तर 4.3 धरलं, तर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचा दांडा) मिनिटाला सुमारे 3,100 फेरे घेतो. यूजे क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा, कोनात वळणारा सांधा) कोनात फिरला की शाफ्टचा वेग दर फेऱ्यात दोनदा कमीजास्त होतो. दुसरा क्रॉस तेवढ्याच उलट कोनात असेल तरच हा फरक फिटतो. म्हणून गिअरबॉक्सच्या आउटपुटची रेषा आणि पिनियनची (डिफरन्शियलमधल्या, शाफ्टला जोडलेल्या गिअरची) रेषा समांतर हवी. बोनेट बंद व्हावं म्हणून इंजिन मागे झुकवून वेल्डिंग मारतात, आणि पिनियनकडे कोणी बघतच नाही.

आधी रस्त्यावर तपासा. थरथर सुरू झाली की न्यूट्रल करा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर येते आणि न्यूट्रलला जाते, तर बहुधा कोन चुकलाय. न्यूट्रलमध्येही त्याच वेगाला कायम राहिली, तर शाफ्टचं बॅलन्सिंग किंवा वाकलेली नळी बघा. मग गाडी चारही चाकांवर, सपाट जागी उभी करा. जॅकवर नको, ॲक्सल लोंबकळला की मापं खोटी येतात. डिजिटल अँगल गेज दोन्ही फ्लँजना (शाफ्ट जिथे जोडला जातो त्या चकत्यांना) आणि शाफ्टला लावा. प्रत्येक क्रॉसचा कोन 1 ते 3 अंश हवा. अगदी शून्यही नको, सुयांचे बेअरिंग एकाच जागी खड्डे पाडतात. पाट्यांवरच्या (लीफ स्प्रिंगवरच्या) ॲक्सलला लोड आला की पिनियनचं नाक वर उचलतं, म्हणून उभ्या गाडीत ते समांतर रेषेपेक्षा अंशभर खाली ठेवा. सुधारणा पाटा आणि ॲक्सलच्या मधल्या पाचरीने होते. शाफ्ट कापून जोडला असेल तर दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका ओळीत आहेत ना, आणि स्लाइडिंग योक (आतबाहेर सरकणारा) तळाला टेकायच्या आधी 20 ते 25 मिलिमीटर मोकळा आहे ना, हेही बघा. शेवटी शाफ्ट बॅलन्सिंग करणाऱ्याकडे न्या. नुसत्या लेथवर फिरवून बॅलन्स होत नाही.

समोर डिस्क लावल्या. ब्रेक सोडला तरी चाकं जड फिरतात.

ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरमध्ये पाइपात थोडा दाब राखणारा व्हॉल्व्ह असतो, तो डिस्कच्या पॅडला सोडत नाही. डिस्कला जुळणारा, दोन सर्किटांचा मास्टर घ्या आणि ब्रेकचं काम जाणणाऱ्याकडूनच बसवा. तोवर गाडी बाहेर काढू नका.

इंजिन फिरतं, स्टार्ट होत नाही.

ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), इमोबिलायझर (चुकीच्या किल्लीने इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) आणि किल्ली एकाच गाडीची आहेत का? नसतील तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून स्कॅनर लावून घ्या. इंजिन ते बॉडी अर्थची जाड पट्टीही तपासा. कार्ब्युरेटरची जुनी पेट्रोल नळी तशीच असेल तर आजच काढा, इंजेक्शनचा सुमारे 3 बार दाब ती सोसत नाही.

यापेक्षा इंजिनाऐवजी मोटर बसवणारं इलेक्ट्रिक किट बरं का?

किट ‘एआरएआय’सारख्या अधिकृत तपासणी संस्थेने मंजूर केलेलं आणि बसवणारा अधिकृत असेल तर विचार करा. मंजुरीपत्रात तुमचं मॉडेल आहे का, ते ॲडव्हान्स देण्याआधी वाचा आणि आरटीओला दाखवा. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ एवढ्यावर पैसे देऊ नका.