नागपूरकराला मालवणात राहायला जमेल का?

तुमचा प्रश्न असा की, सगळी हयात नागपुरात गेली, आता मालवणसारख्या समुद्रकाठच्या लहान गावात कायमचं राहायला जायचं मनात आहे. तर जमेल का, आणि तिथली एकी खरी असते की पर्यटकांपुरती? नोकरीतल्या बदलीमुळे मी काही वर्षं मालवणात काढली, आता परत नागपुरात आहे. जमेल. एकीही खरी आहे. फक्त ती जिव्हाळ्यापेक्षा कामातून जास्त आलेली आहे, एवढं समजून जा.

मालवणातल्या चिवल्याच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना बघा, म्हणजे लक्षात येईल. होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून परत येते. दोन्ही बाजूंचे दोर किनाऱ्यावर, दोन्हीकडे माणसांची रांग. दोर ओला, खारट, सवय नसेल तर तळहात सोलून काढतो. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींजवळ सरकत येतात आणि आरडाओरडा वाढत जातो. मग वाळूवर मासळीचे वाटे पडतात: जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचा. मी हौस म्हणून दोराला हात लावला तर माझ्याही हातात बांगडे आले. नको नको म्हणालो, तर एक म्हातारे रापणकर चक्क चिडले. "ओढलात मां? मगे घेवा!" फुकट कोणी मागायचं नाही आणि हक्काचं कोणी सोडायचं नाही, असा तो सगळा हिशेब.

हाच हिशेब मे 2021 च्या तौक्ते वादळात दिसला. शेजारच्या घराची कौलं उडाली होती. पाऊस थोडा उघडला तशी माणसं न बोलावता शिडी घेऊन आली, कोणी कौलं खालून वर देतंय, कोणी पडलेला माड तोडतंय. मी शिडी धरून उभा. वीज कित्येक दिवस नव्हती, त्यामुळे ज्याच्या विहिरीला रहाट होता त्याच्याकडे पाण्याला सगळी वाडी. आभारबिभार कोणी मानले नाहीत. पुढच्या वेळी आपण जायचं असतं, बस.

आता दुसरी बाजू. तुम्ही बाजारातून काय आणलं, तुमच्याकडे पाहुणे कोण आले, रात्री दिवा किती वाजेपर्यंत होता, सगळं सगळ्यांना ठाऊक. "खंय चल्लात?" या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. आपल्या इकडे फ्लॅटमध्ये समोरच्याचं आडनाव माहीत नसलेल्या माणसाला सुरुवातीला हे जड जातं बाप्पा! शिवाय देवळातले मान ठरलेले, मानकरी ठरलेले. तुम्ही वीस वर्षं राहिलात तरी घाटावरचेच. यात अपमान नाही, पण तिथे शिरायला जाऊ नका. भजनाला बसा, चतुर्थीला घरोघरी आरतीला जा, दशावताराला रात्रभर जागा. तिथे जागा आपोआप होते.

एकी म्हणजे भांडणं नाहीत असंही समजू नका. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन जाळीवाले (यांत्रिक नौकेतून मोठं जाळं टाकून अख्खा थवा घेरणारे) यांचा वाद जुना आहे. 2016 साली सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले तरी तो धुमसतोच. त्यावर मत द्यायची घाई नवख्याने करू नये.

आपल्याकडे मारबतीच्या मिरवणुकीला अख्खं महाल-इतवारी रस्त्यावर उतरतं, पण संध्याकाळी जो तो आपल्या घरी. मालवणजवळच्या आचऱ्यात दर काही वर्षांनी गावपळण होते. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल, म्हणजे देवाचा होकार, झाला की गुरं, कोंबड्या, पोरंबाळं घेऊन सगळं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर झोपड्या बांधून राहतं, त्यात सगळ्या धर्मांचे लोक असतात. श्रद्धा तुमची असो नसो, पण पूर्ण गावाने एकत्र घर सोडायचं म्हणजे काय, हे नागपुरात कल्पनेतही येत नाही.

जेवणाची काळजी नको. सावजी रस्सा पचवलेल्याला मालवणी तिखट किरकोळ वाटतं. मासे मात्र जूनजुलैत महाग, कारण तेव्हा यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते.

खरा त्रास हवेचा. आपली कोरडी पंचेचाळीस डिग्री परवडली म्हणाल, इतका घाम मे महिन्यात येतो. पावसात कपडे वाळत नाहीत, चामड्याच्या चपलांना बुरशी, पंख्याला आणि कुलपाला गंज. दवाखान्याचंही बघून ठेवा. मोठं दुखणं निघालं तर जिल्हा रुग्णालय ओरोसला आहे, आणि त्यापुढे लोक गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नेतात. वय झालेले आईवडील सोबत असतील तर हा मुद्दा समुद्रापेक्षा मोठा.

म्हणून नागपूरचं घर लगेच विकू नका. किनाऱ्यावरच्या पर्यटकांच्या खोल्या सोडून एखाद्या वाडीत भाड्याने घर घ्या, तेही डिसेंबरात नाही, जूनमध्ये. पावसाळा काढलात आणि गणपतीत शेजारच्यांनी तुम्हाला न विचारता आरतीच्या यादीत तुमचं घर धरलं, की मग जागेचे व्यवहार बघा.