बायकार्बोनेट 18 म्हणजे रक्त आंबट झालं का?

तुमची आई 66 वर्षांची, शुगरच्या गोळ्या चालू, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) 2.1 आणि परवाच्या रिपोर्टात बायकार्बोनेट, म्हणजे रक्तातलं आम्ल मारणारा क्षार, 18, तेही ठळक अक्षरात. शेजारच्या काकू म्हणतात रक्त आंबट झालंय, लिंबू बंद करा आणि रोज चमचाभर खायचा सोडा द्या. आधी तो सोड्याचा डबा फडताळात परत ठेवा.

मी डॉक्टर नाही. नाशिकला पॅथॉलॉजी लॅबमध्ये 19 वर्षं सॅम्पल घेतोय, मशीन चालवतोय. त्यामुळे माझा पहिला संशय नळीवरच. बूच उघडं राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि बायकार्बोनेटचा आकडा खाली येतो. रक्त सेंट्रीफ्यूज न करता पडून राहिलं की पेशी साखर खात राहतात, लॅक्टिक आम्ल तयार होतं, आकडा आणखी घसरतो. एका मे महिन्यात सिन्नरकडून एका आजोबांचं होम कलेक्शन आलं. पिवळ्या बुचाच्या नळीत तळाशी दोन बोटं रक्त, वर नुसती हवा, आणि चार तास बाईकच्या डिकीत. आकडा आला 15. मी घाईत रिपोर्ट पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी ताजं रक्त घेतलं तर 21! आजोबा रात्रभर झोपले नव्हते, आणि चूक माझी होती.

तर 22 ते 29 ही साधारण मर्यादा, लॅबप्रमाणे थोडी पुढेमागे. पण एकटा आकडा बघू नका, त्याचे शेजारी बघा. तुमच्या रिपोर्टात सोडियम 138, क्लोराइड 108. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा करा: 138 − (108 + 18) = 12. याला अ‍ॅनायन गॅप म्हणतात, साधारण 8 ते 12 चालतो. म्हणजे गॅप वाढलेला नाही. क्लोराइड 98 असतं तर गॅप 22 झाला असता, आणि मी तुम्हाला इथे लिहीत बसू नका, आईला आत्ता हॉस्पिटलमध्ये न्या असं म्हटलं असतं. तिथे कीटोन किंवा लॅक्टेट ही आम्लं रक्तात साचल्याची भीती असते. गॅप नीट असून बायकार्बोनेट कमी दिसलं की बहुतेकदा मामला जुलाबांचा किंवा किडनीचा असतो. 2.1 क्रिएटिनिन बघता मला किडनीच वाटते.

रक्ताचा पीएच, म्हणजे ते खरंच किती आंबट आहे याचं माप, मात्र या तपासणीत कळत नाही. तो 7.35 ते 7.45 मध्ये राहावा म्हणून फुफ्फुसं जास्तीचा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत असतात. तो बघायचा तर मनगटाच्या धमनीतून रक्त काढावं लागतं. (ती सुई दुखते, आईला आधी सांगून ठेवा.) ते लागेल की नाही, हे डॉक्टर ठरवतील.

आता काकूंचं. लिंबाचा आंबटपणा जिभेपुरता. त्यातलं सायट्रेट शरीरात गेल्यावर बायकार्बोनेटच बनतं. सोड्याची गोष्ट वेगळी. डॉक्टर सोडियम बायकार्बोनेटच्या 500 मिलिग्रॅमच्या गोळ्या देतात, तो सोडाच, पण मोजून: एका गोळीत सुमारे 137 मिलिग्रॅम सोडियम. चमचाभर सोड्यात हजाराच्या वर. बीपी आणि पायांवरची सूज त्यानेच वाढते.

शुगरची गोळी मेटफॉर्मिन आहे का, ते नक्की बघा. या वयाच्या बाईला 2.1 क्रिएटिनिन म्हणजे ईजीएफआर (किडनी किती रक्त गाळते त्याचा अंदाज) 25 च्या आसपास, आणि 30 खाली मेटफॉर्मिन देत नाहीत. स्वतःहून बंद करू नका, पण उद्याच डॉक्टरांना फोन करा. श्वास जलद आणि खोल होत असेल, उलट्या किंवा गुंगी असेल, तर फोनसुद्धा करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

तपासणी पुन्हा करायची ठरलीच तर सकाळी लॅबमध्येच जा आणि नळी पूर्ण भरायला सांगा. सॅम्पल घेणारा कुरकुरला तरी.