समुद्री जीवशास्त्राच्या लॅबमधल्या उन्हाळी इंटर्नशिपमध्ये नेमकं काय काम असतं? पोहता आलंच पाहिजे का?

तुम्ही लिहिलंय की पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, सुट्टीत आठ आठवड्यांसाठी समुद्री जीवशास्त्राच्या लॅबमध्ये जागा मिळाली आहे, पण पोहता येत नाही आणि तिथे दिवसभर काय करतात याचा पत्ता नाही. मीही दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीतच गेले होते, प्राणिप्लवकांवर, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या बारीक प्राण्यांवर, काम करणाऱ्या एका गटात. डोक्यात डॉल्फिन होते. पहिले दहा दिवस हातात बाटल्या होत्या, त्याही धुवायला.

तेव्हा फार राग आला होता. पण समुद्राच्या पाण्यातलं फॉस्फेट इतकं कमी असतं की ते लिटरमागे मायक्रोमोलमध्ये मोजतात. बाटलीच्या काचेला साबणाचा अंश राहिला आणि त्या साबणात फॉस्फेट असेल, तर तुम्ही समुद्र नाही, साबण मोजत बसता. म्हणून बाटल्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून ठेवायच्या, मग शुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा खंगाळायच्या. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर दहा दिवस तोंड पाडून फिरले नसते. तेव्हा तुम्ही विचारा. 'हे असं का करायचं?' हा प्रश्न नवख्याला शोभतो; पुढे पुढे विचारायची लाज वाटायला लागते.

बोटीवरचं काम सांगते, कारण सगळ्यांना त्याचीच उत्सुकता असते. शंकूच्या आकाराची बारीक जाळी, आमच्या जाळीची छिद्रं २०० मायक्रॉनची, म्हणजे ०.२ मिलिमीटरची होती, बोटीमागे हळू ओढायची. तोंडाशी फ्लोमीटर असतो, त्यावरून जाळीतून किती पाणी गेलं ते काढतात. जाळी वर आली की बाहेरून समुद्राच्याच पाण्याने धुवायची, म्हणजे चिकटलेले जीव खालच्या डब्यात उतरतात. नमुना नुसता मोजायचा असेल तर फॉर्मॅलिनमध्ये, पुढे डीएनए काढायचा असेल तर इथेनॉलमध्ये. फॉर्मॅलिनने डीएनए खराब होतो. बोट लागते का? मला लागली. नजर क्षितिजावर ठेवा आणि डोलत्या बोटीवर खाली मान घालून लिहीत बसू नका.

माझ्या हिशेबाने बोटीवरच्या एका सकाळीमागे मायक्रोस्कोपखाली चार-पाच दिवस जातात. इंटर्नशिप म्हणजे खरं तर हे दिवस. अख्खी बाटली कोणी मोजत नाही. समजा नमुना ५०० मिलिलिटर केला, त्यातले ५ मिलिलिटर घेतले आणि त्यात ११२ कोपेपॉड (कोळंबीच्या नात्यातले बारीक प्राणिप्लवक) निघाले. म्हणजे बाटलीत ११,२००. जाळीतून ४० घनमीटर पाणी गेलं असेल तर घनमीटरला २८०. गणित शाळेतलं आहे. गोची त्या ५ मिलिलिटरमध्ये आहे.

माझ्या पहिल्या नमुन्याचे तीन वेळचे आकडे आले ६१, १४८ आणि ९७. मी घाबरून त्यांची सरासरी काढली आणि वहीत एकच आकडा लिहिला. शेजारी पीएचडी करणारी ताई बसायची. तिने वही बघितली आणि एवढंच म्हणाली, "ढवळलं होतंस का?" ढवळलं होतं की! "कसं?" चहात साखर ढवळतो तसं, गोल. तिने माझ्यासमोर काचेच्या भांड्यात तसंच करून दाखवलं. गोल फिरवल्यावर पाण्याला भोवरा येतो, आणि जीव त्यांच्या वजनाप्रमाणे कुठे कडेला, कुठे मध्ये गोळा होतात. ढवळायचं आडवंतिडवं, दिशा बदलत, आणि ते तळाला बसायच्या आत पिपेट भरायचं. त्यानंतर माझे आकडे जवळ जवळ यायला लागले. तंतोतंत सारखे कधीच येत नाहीत, आणि आले तर ताई जास्त संशयाने बघायची. सरासरीबद्दल मात्र तिने चांगलंच सुनावलं: तिन्ही आकडे लिहायचे, खोडायचं असेल तर एक रेघ मारून, खालचं वाचता येईल असं.

हे मोजण्याचं वेड जुनं आहे बरं का. 'प्लँक्टन', म्हणजे प्लवक, हा शब्द व्हिक्टर हेन्सेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७ मध्ये वापरात आणला आणि १८८९ मध्ये तो अटलांटिकवर मोहीम घेऊन गेला, समुद्रात किती प्लवक आहेत ते मोजायला. असे नमुने काढायच्या एका पिपेटला अजून त्याचं नाव आहे.

दुसरी चूक माझ्याकडून झाली ती लेबलची. सहा बाटल्यांच्या झाकणांवर मार्करने छान अक्षरात नावं लिहिली. इथेनॉल सांडलं, शाई गेली, पुसताना झाकणं इकडची तिकडे झाली. सहाच्या सहा नमुने बाद; पुन्हा बोट, पुन्हा जाळी. लेबल जाड कागदावर शिसपेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाकतात. ठिकाण, तारीख, वेळ, किती खोल पाण्यातला नमुना. शिसपेन्सिल इथेनॉलने जात नाही. बाहेर हवं तर आणखी एक लावा, पण आतलं खरं.

तुमच्या लॅबचं काम खडकाळ किनाऱ्यावरचं असेल तर दहा ते पाच विसरा. तिथे घड्याळ ओहोटीचं. ती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे या आठवड्यात पहाटे पाचला असलेलं काम पुढच्या आठवड्यात अकराच्या सुमारास. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत ओहोटीला पाणी सगळ्यात खाली जातं, म्हणून मोठी कामं तेव्हाच ठेवतात. ते दिवस आधीच विचारून ठेवा आणि त्यात घरी जायचं तिकीट काढू नका.

जायच्या आधी त्या गटाचा एक शोधनिबंध वाचून जा. सगळा कळणार नाही. त्यातला 'पद्धती' हा भाग मात्र दोनदा वाचा, कारण तुम्हाला जे करायचंय ते तिथेच लिहिलेलं असतं. आणि पहिल्याच आठवड्यात विचारा की शेवटी तुमच्याकडून काय अपेक्षित आहे: अहवाल, पोस्टर, की नुसते आकडे. मी सहाव्या आठवड्यात विचारलं. मग दोन आठवडे झोप नाही.

आणि पोहण्याचं. मला तेव्हा येत नव्हतं, काही अडलं नाही. पाण्याखाली जायचं काम प्रशिक्षण घेतलेले डायव्हर करतात, नवख्याला कोणी ढकलत नाही. पण पोहता येत नाही हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, बोटीवर लाइफ जॅकेट काढू नका, आणि खडकांवर जाताना चप्पल नको, पकड असलेले बंद बूट घाला. खडकाला चिकटून राहणाऱ्या बार्नेकल नावाच्या कवचधारी जीवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. माझ्या गुडघ्यावर अजून खूण आहे.