नातवंडांना श्रद्धा कशी शिकवू?

प्रश्न: वर्षातून दोनदा आठ-आठ दिवस लेकीकडे जाते, नातू ४ वर्षांचा, नात २ वर्षांची. देवाबद्दल काही सांगायला बसले की नातू पळूनच जातो. माझं काय चुकतंय?

उत्तर: ताई, काहीच चुकत नाहीये, या वयात मुलांना डोळ्यासमोरचं कळतं, नुसत्या कल्पना नाही, त्यामुळे बसवून सांगितलेलं निसटतं आणि रोजच्या धांदलीत घडलेलं बरोबर राहतं. माझी नात रात्री लाईट बंद केला की अंधारात दर दोन मिनिटांनी विचारायची, "आजी, आहेस ना?" मी नुसतं "आहे गं" म्हणायचे, हात तिच्या पाठीवर. एकदा म्हटलं, बघ, मी दिसत नाही तरी आहे ना, देव पण तसाच. तेवढंच, पुढे काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तिनेच तिच्या बाहुलीला पांघरूण घालताना "देव आहे हं" असं सांगितलं, माझे डोळेच भरून आले!

आणि हो, तुमचा आवाज चढला तर नातवाला सरळ सॉरी म्हणा, क्षमा म्हणजे काय ते त्याला तिथेच कळेल. फक्त लेक-जावयाशी आधी बोलून घ्या, त्यांच्या घरची पद्धत वेगळी असेल तर तिचा मान ठेवा. झोपताना दोन ओळींची प्रार्थना, रोज तीच, एवढं पुरे.