पाळीवरचा स्त्रीवादी अभ्यास म्हणजे विटाळ आणि मंदिरप्रवेश, एवढंच का?

तुम्ही साताऱ्यात एम.ए. करताय, प्रबंधाला विषय शोधताय आणि विचारताय की पाळीवरच्या स्त्रीवादी अभ्यासात विटाळ नि मंदिरप्रवेश सोडून काही आहे का. भरपूर आहे, आणि माझ्या मते खरा ऐवज तिथंच आहे.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एमिली मार्टिन यांचं ‘द वुमन इन द बॉडी’ 1987 चं. वैद्यकाची पाठ्यपुस्तकं त्यांनी भाषेसाठी वाचली. पाळी म्हणजे काय, तर गर्भ राहिला नाही म्हणून वाया गेलेला माल. शुक्राणू तयार होण्याचं मात्र कोण कौतुक! बाईचं शरीर जणू कारखाना आणि पाळी म्हणजे त्यातला तोटा. मग त्या बाल्टिमोरमधल्या बायकांशी बोलल्या. मध्यमवर्गीय बायकांनी पाळी सांगताना डॉक्टरी पुस्तकच म्हणून दाखवलं. कष्टकरी बायका बहुतेक करून अंगाला काय जाणवतं तेच सांगत राहिल्या.

आता आमच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळव्याकडच्या उसाच्या फडात या. बीडहून आलेलं जोडपं म्हणजे मुकादमाच्या हिशेबात एक कोयता. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली. एक दिवस बसलं की खाडा : मजुरी बुडते, वर दंड. बाई 30-40 किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. आडोसा नाही, पाणी नाही. पाळीचं कापड धुतलंच तर खोपीच्या आत वाळतं, उन्हात नाही. मग अंगावरून जाणं, कंबरदुखी, आणि कुणी डॉक्टर सांगतो, गर्भाची पिशवी काढून टाका. 2019 मध्ये राज्य सरकारनं याच्या चौकशीसाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमधल्या 82,309 ऊसतोड बायकांच्या पाहणीत 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात सुमारे 17! 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं.

विटाळाचा विषय संपलाय असंही नाही. टॉमस बकली आणि अल्मा गॉटलिब या मानववंशशास्त्रज्ञांनी 1988 मध्ये मांडलं की बाजूला बसणं हा सगळीकडं जाचच असतो असं नाही, कुठं कुठं बायकांना त्यात मोकळीकही मिळते. आमच्याकडच्या म्हाताऱ्याही म्हणतात, तेवढीच पाठ टेकायची. पण त्यासाठी घरात चूल सांभाळणारी दुसरी बाई लागते. फडात ते कुणाला परवडतं? (देवाला शिवायचं नाही, उसाला मात्र शिवलेलं चालतं.)

अमेरिकन पुस्तकांआधी इथल्याच कासेगावला राहिलेल्या समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट वाचा; बाईचा प्रश्न त्या जमीन आणि मजुरीपासून वेगळा काढत नसत.

आणि हंगामात, दिवाळीनंतर, स्वतः जा. फडात विचारू नका, मुकादम समोर असतो. संध्याकाळी भाकरी झाल्यावर खोपीपाशी बसा. सुरुवात पाळीपासून नको, खाड्यापासून करा. पाळीचं त्या आपणहून काढतात.