वर्षभर वास येत नाही, हे पार्किन्सनचं लक्षण असू शकतं का? नाकातल्या पेशींवरचे वास पकडणारे रिसेप्टर बिघडल्याने मेंदूचे आजार होतात का?

तुम्ही लिहिलंय की वडील चौसष्ट वर्षांचे आहेत, नाक मोकळं आहे, तरी वास येत नाही आणि घरचे ‘वयामुळे’ म्हणून सोडून देतात. तेवढंच वाचून लिहायला बसले, कारण याच एका कारणावरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं आजही वाजतं.

आमची आई मालवणची, लग्नानंतर सगळं आयुष्य परळला. दर एप्रिलमध्ये लालबागला मिरच्या घ्यायच्या, जिन्नस तिथेच भाजून घ्यायचे आणि डंकावर कुटून आणायचे. भाजणाऱ्याच्या कढईकडे ती बघायचीही नाही. पाठमोरी बायकांशी गप्पा मारत असायची आणि मध्येच म्हणायची, ‘‘बास, उतरव धणे.’’ तो गडी निमूट उतरवायचा. एका वर्षी दगडफूल करपलं, काळा धूर उठला, शेजारच्या बायका पदर नाकाला लावून मागे सरल्या आणि आई बोलतच होती. भाजणाराच म्हणाला, ‘‘मावशी, आज काय झालं?’’ तिने मिरचीच्या ठसक्यावर ढकललं. वर्षभराचा मसाला कडू झाला. दादा तिला म्हणाला, ‘‘लक्ष कुठे असतं तुझं?’’ त्यानंतर दूध उतू जाऊन करपायचं, शिळा बोंबील तिला कळायचा नाही आणि दर वेळी तेच वाक्य. नाकाच्या डॉक्टरांनी अ‍ॅलर्जी म्हणून स्प्रे दिला. स्कॅन स्वच्छ होता, तरी पुढे काही नाही.

काही वर्षांनी उजवा अंगठा थरथरायला लागला, अक्षर बारीक होत गेलं. न्यूरोलॉजिस्टने हात बघायच्या आधी तीन प्रश्न विचारले: वास येतो का, बद्धकोष्ठ आहे का, झोपेत ओरडता किंवा लाथा मारता का. तिन्हींना हो. आईला पार्किन्सन होता.

आता तुमचा प्रश्न. रिसेप्टर बिघडले म्हणून पार्किन्सन होतो, असं सिद्ध झालेलं नाही. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये या रिसेप्टरांची जनुकं शोधली, २००४ मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. माणसात चालू स्थितीतली अशी सुमारे ४०० जनुकं आहेत. नाकातल्या पेशी आयुष्यभर नव्याने तयार होत असतात, त्यामुळे कोविडमध्ये गेलेला वास बहुतेकांचा परत आला. तिथे मार मुख्यतः वास घेणाऱ्या पेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना बसला होता. पार्किन्सनमध्ये गडबड वरच्या मजल्यावर असते. जर्मन शास्त्रज्ञ ब्राक यांनी २००३ मध्ये मांडलं की आजारातली प्रथिनाची गुठळी बऱ्याचदा घ्राणकंदात, म्हणजे नाकाकडून वासाचा निरोप घेणाऱ्या मेंदूच्या भागात, आणि मेंदूच्या देठात आधी दिसते, हालचालींच्या केंद्रापर्यंत नंतर पोचते. म्हणून वास आधी जातो, कंप मागून येतो. अल्झायमरमध्येही स्मरणाचा जो भाग लवकर बिघडतो, त्याला घ्राणकंदाकडून थेट तार येते. हेच रिसेप्टर मेंदूतल्या डोपामिन (हालचालींसाठी लागणारं रसायन) बनवणाऱ्या पेशींतही सापडलेत आणि पार्किन्सनच्या रुग्णांत त्यांचं प्रमाण बदललेलं आढळलंय. तुमच्या रिसेप्टरच्या प्रश्नामागे बहुधा हेच असावं. ते तिथे काय करतात, याचा उलगडा व्हायचाय.

दादा म्हणतो, आधी कळून काय उपयोग होता, आजार थांबवणारं औषध कुठे आहे? नाहीच. पण घरात एक माणूस वासाला मुकलंय एवढं कळलं असतं, तर आई वर्षानुवर्षं निष्काळजी ठरली नसती. तिलाही वाटायला लागलं होतं की आपलंच चित्त थाऱ्यावर नाही. औषध नाही म्हणून निदानच नको, हा हिशेब मला आजही पटत नाही.

हे आधीच लिहायला हवं होतं: वास गेलेल्या बहुतेकांना पार्किन्सन होत नाही. वय, कोविड, नाकातले मांसांकुर, डोक्याला लागलेला मार, कारणं भरपूर आहेत. म्हणून आधी कान-नाक-घसा. तिथे काही निघालं नाही तर न्यूरोलॉजिस्ट. केईएम, सायन, नायर तिन्हीकडे विभाग आहे. झोपेतलं ओरडणं असेल तर ते आपणहून सांगा, डॉक्टर विचारतीलच असं नाही. लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाब रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायचा सराव असतो, विषाणूने गेलेल्या वासाला त्याचा काहींना फायदा होतो. पार्किन्सनमध्ये फार आशा धरू नका.

आणि गॅसचा अलार्म या आठवड्यातच लावा. गॅसमध्ये उग्र वास मुद्दाम मिसळतात, तो तुमच्या वडिलांच्या कामाचा नाही. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, तर अलार्म छताजवळ. सिलिंडरचा जड, तर जमिनीजवळ. आमच्याकडे तो मी लावला. दादा अजूनही त्याला फालतू खर्च म्हणतो.