बजरीगर (पाळायचा छोटा पोपट): नर की मादी, आणि अंडी घालायचं मडकं कधी लावायचं

भावा, पिंजरा खिडकीपाशी उजेडात ने आणि चोचीच्या वरचा, नाकपुड्यांभोवतीचा मऊ भाग बघ. मोठ्या नराचा तो निळाशार असतो. मादीचा फिकट पांढरट, आणि अंड्यावर आली की तपकिरी, खरबरीत. पिल्लू लहान असेल तर घाई नको: एकसारखी गुलाबी-जांभळी झाक म्हणजे बहुधा नर, नाकपुडीभोवती पांढरी कड दिसली तर मादी. पक्षी पूर्ण पिवळा किंवा पांढरा, लाल डोळ्यांचा असेल तर नर मोठेपणीही गुलाबीच राहतो. इथंच लोक फसतात.

मडकं लगेच लावू नकोस. ते दिसलं की मादी अंडी घालायच्या मागं लागते, आणि कोवळ्या वयात अंडं अडकून तिचा जीवही जातो. वर्षाची होऊ दे. समुद्रफेस (कॅल्शियमसाठी कुरतडायचं कटलफिशचं पांढरं हाड) टांगून ठेव. लक्ष्मीपुरीच्या बाजारातनं आणलेल्या नुसत्या राळ्यावर भागत नाही, कोथिंबीरही दे. अंडी एकाआड एक दिवस, 4 ते 6. साधारण 18 दिवसांनी पिल्लू. वर्षातनं दोनदाच, एप्रिल-मेच्या उन्हात तर नकोच. पिल्लं कुणाला देणार हे आधी ठरव. चांगलं घर मिळणार नसेल तर मडकं लावूच नको, जोडी त्याशिवायही मजेत राहते.